बाळंतिणीची मर्जी

पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या एका मातंग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त दोन भागांत प्रसिद्ध झाला. मांगमहारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आज विद्यापीठांतून वाचला जातो तो प्रामुख्याने जातिव्यवस्थेवरील टीका म्हणून. त्यातील एका परिच्छेदाकडे मात्र जावे तितके लक्ष गेलेले नाही. आपल्या जातीच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घराला छप्परही नसते, थंडीवाऱ्यापावसात त्यांचे किती हाल होत असतील, आणि अशा वेळी एखादे दुखणे जडले तर वैद्याला व औषधाला पैसा आणावा कोठून, असे ही चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी विचारते. फुकट औषध देण्याइतका उदार वैद्य तिच्या पाहण्यात नाही.

अर्वाचीन मराठी गद्यात बाळंतपणाविषयी स्त्रीने लिहिलेल्या अगदी आरंभीच्या मजकुरांपैकी हा एक आहे, आणि त्यात निर्णयाचा प्रश्न नाही, छपराचा आहे. बाळंतपणात अंतिम शब्द कोणाचा, बाळंतिणीचा की वैद्याचा, या प्रश्नाचा मराठी इतिहास शोधताना ही गोष्ट प्रथमच ध्यानात ठेवलेली बरी. वैद्याच्या सत्तेविषयी तक्रार करण्यासाठी आधी वैद्य दाराशी यावा लागतो. तो ज्यांच्या दाराशी कधी आलाच नाही, त्यांच्या दृष्टीने या इतिहासाचा आरंभ निराळा आहे.

भाषेत मात्र या प्रश्नाच्या खुणा पूर्वीपासून आहेत. मराठीत बाई ‘बाळंत होते’. या क्रियापदाची कर्ती ती स्वतः असते. ती ‘अडते’, ती ‘मोकळी होते’, तिची ‘सुटका’ होते. सुईण तिला ‘सोडवते’ असे म्हटले जाई. परंतु त्या सोडवण्यातही मुख्य क्रिया बाईचीच असे, सुईण साहाय्यक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘डॉक्टरांनी डिलिव्हरी केली’ आणि ‘तिचे सिझर केले’ ही वाक्ये घराघरांत रूढ झाली आणि कर्त्याच्या जागी दुसरीच व्यक्ती येऊन बसली. केवळ व्याकरणावरून समाजाचा निवाडा करणे धाडसाचे होईल हे खरे. जुन्या काळची ‘बाळंत होणारी’ बाई स्वतंत्र होती असे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. बाळंतिणीची अंधारी खोली, शेकशेगडी, सोयर, पाचवीची पूजा, सटवाईचे भय या साऱ्यांची व्यवस्था सासू आणि सुईण पाहत. आणि ज्या सुईणीच्या हातात बाईचा जीव असे, ती बहुधा अशा जातीची असे की, बाराव्या दिवसानंतर तिचा स्पर्शही घराला चालत नसे. म्हणजे सत्ता होती. ती वैद्याची नव्हती एवढेच.

या पार्श्वभूमीवर १८६३ साली पुण्यात घडलेली गोष्ट पाहिली पाहिजे. त्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या राहत्या जागेच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्यामागचे कारण जोतीरावांनी पुढे १८८४ साली, बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत देताना, स्वतःच नमूद केले आहे. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा त्यांच्या स्नेह्याच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले, गर्भ पाडण्याचे सारे उपाय फसले, आणि जन्मलेल्या मुलाला तिने मारून विहिरीत टाकले. खटला झाला आणि तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्री मोकळा राहिला.

भारतीय दंडसंहिता १८६२च्या आरंभी अमलात आली होती. तिच्या ३१२व्या कलमाने गर्भपात हा गुन्हा ठरवला, आणि स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी स्त्रीदेखील त्या गुन्ह्याची धनीण ठरवली. म्हणजे विधवेला लग्न करू न देणारी रूढी, तिला दिवस गेल्यावर वाळीत टाकणारी जात, आणि सुटकेचा मार्ग काढू पाहिल्यास तुरुंगात टाकणारे नवे सरकार, या तिन्हींच्या मध्ये ती बाई उभी होती.

फुल्यांनी ब्राह्मणवस्तीतील गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवल्या. चरित्रकारांनी त्यांचा जो आशय दिला आहे तो असा की, विधवांनी येथे यावे, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, आणि मूल सोबत न्यावे की येथेच ठेवावे हे त्यांनी स्वतःच ठरवावे. मागे राहिलेल्या मुलाचा सांभाळ गृह करील. हे आज आपल्याला साधे वाटते. मला मात्र हा मजकूर एकोणिसाव्या शतकातील मराठीतल्या अत्यंत धीट मजकुरांपैकी एक वाटतो. यात बाईला उपदेश नाही. तिने पश्चात्ताप करावा अशी अट नाही, बापाचे नाव सांगावे अशी नाही, धर्म बदलावा अशीही नाही. भिंतीवरच्या त्या कागदाने ज्या व्यक्तीला निर्णय करणारी म्हणून संबोधले, ती व्यक्ती त्या काळी घरात स्वतःच्या डोक्यावरचे केस राखण्याचाही निर्णय करू शकत नव्हती.

परंतु या गृहाचा हिशेब फुल्यांनी त्याच १८८४च्या टिपणात दिला आहे, आणि तो मन सुन्न करणारा आहे. तोवर पस्तीस गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली, तीस गेली. कारणही त्यांनीच दिले आहे: गर्भ लपवण्यासाठी या बायांनी आधी जी विषारी औषधे घेतली असावीत, त्यांनी पोटातच मुलांना इजा झाली होती. बाळंतपणाच्या खोलीत मर्जी विचारली गेली. त्याआधीच्या आठ-नऊ महिन्यांत ती विचारणारे कोणी नव्हते. फुल्यांचे गौरवपर चरित्र लिहिणारे बहुतेक लेखक हा आकडा ओलांडून पुढे जातात. तो ओलांडू नये. त्या गृहाची खरी किंमत त्यातूनच कळते: सावित्रीबाईंनी ज्या बायांची बाळंतपणे निगुतीने केली, त्यांतील बहुतेकींचे मूल त्यांच्या हातांवरच गेले असले पाहिजे, आणि तरीही दार उघडेच राहिले. त्या दारातून आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने १८७४मध्ये दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगमध्ये त्याच्याच दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला.

पंढरपुरात १८७५ साली प्रार्थनासमाजाच्या पुढाकाराने असेच गृह निघाले आणि ते दीर्घकाळ टिकले. तीर्थक्षेत्री ‘सोडून’ दिलेल्या बायांचा प्रश्न तेथे पुण्याहूनही मोठा होता. तिकडे सुरतेत १८८१मध्ये विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सौम्य करण्यात आली. या खटल्यावर वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर जी आगपाखड केली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्या ग्रंथाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. येथे एवढेच नोंदवायचे की, गर्भारपणाच्या परिणामांची जबाबदारी पुरुषाच्या दारात नेऊन ठेवणारा तो पहिला मराठी ग्रंथ आहे, आणि त्यात वैद्य कोठेच नाही.

वैद्य येतो तो आनंदीबाई जोशी यांच्याबरोबर, आणि येतो तो स्त्रीच्या रूपात. हा योग विलक्षण आहे. १८६५मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई चौदाव्या वर्षाच्या सुमारास आई झाल्या. मूल दहा दिवसांत गेले. १८८३च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले आणि आपण अमेरिकेस का जातो ते सांगितले. हिंदू स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे उघड करीत नाहीत, म्हणून हिंदू स्त्री-डॉक्टर हवी, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. संकोच हा दोष मानून बायकांना दटावणे सोपे होते आणि तेव्हाचे पुष्कळ सुधारक तेच करीत. आनंदीबाईंनी तो संकोच रुग्णाचा हक्क मानला आणि डॉक्टर बदलण्याची गोष्ट काढली.

१८८६च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. फिलाडेल्फियात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीने अत्याधुनिक पाश्चात्त्य शास्त्राऐवजी प्राचीन संस्कृत वैद्यकाकडे वळावे, याला काही अभ्यासक राष्ट्राभिमान म्हणतात. तो होताच. पण एक अडचण शिल्लक राहते. संस्कृत ग्रंथांतील गर्भिणीचर्या ही गर्भिणीने काय खावे, कोठे निजावे, काय पाहू नये याची वैद्याने दिलेली सूची आहे. आणि आनंदीबाई स्वतः ज्या खोलीत बाळंत झाल्या, त्या खोलीतल्या सुईणीचे ज्ञान कोणत्याही संस्कृत ग्रंथात नव्हते. शास्त्रापासून शास्त्राकडे जाताना मधली सुईण गळून गेली. हा आनंदीबाईंचा दोष म्हणता येणार नाही. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातला शिक्षणाचा निर्णयदेखील पतीच्या हट्टातून आणि मारातून आलेला होता. त्याविषयी त्यांनी अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती, पण तेथे काम करायला त्या जगल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र दोनच वर्षांनी आले. मराठीत एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले हे आरंभीचे चरित्र आजही श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८मधील कादंबरीच्या सावलीत राहिले आहे, हे आपल्या वाचनसंस्कृतीविषयी काही सांगते.

सुईणीचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. १८८५मध्ये लेडी डफरिन निधी स्थापन झाला, १८८६मध्ये मुंबईत स्त्रियांनीच चालवायचे कामा इस्पितळ उघडले, १९०३मध्ये लेडी कर्झनने दायांच्या शिक्षणासाठी निधी काढला, १९२६मध्ये परळला गिरणगावातल्या बायांसाठी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. या संस्थांनी असंख्य जीव वाचवले. ते कृतघ्नपणे विसरण्याचे कारण नाही. पण त्या काळच्या अहवालांतून सुईण जी दिसते ती घाणेरडी, अडाणी, धोकादायक अशीच. तिच्या हातून होणारे मृत्यू खरे होते, आणि तिच्याविषयीची घृणाही केवळ आरोग्यशास्त्रातून आलेली नव्हती. तिच्या जातीचा वास तिला होताच.

यानंतर या विषयाला वेगळेच वळण देणारा माणूस गणिताचा प्राध्यापक होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, या मतांपायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमावली, आणि १९२७च्या जुलैपासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. कर्व्यांच्या शुष्क, तर्ककठोर गद्याला मराठी समीक्षेने कधी गद्य म्हणून मोजले नाही. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मूल हवे की नको हे ठरवण्यास लागणारे ज्ञान डॉक्टरच्या पेटीत न राहता छापील पानावर, मराठीत आणि चार आण्यांच्या वाचकापर्यंत यावे, हा कर्व्यांचा खरा अपराध होता.

आंबेडकरांनी तो धागा विधिमंडळात नेला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रस्ताव मांडला. त्यासाठीचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. त्यात दारिद्र्य, बाळंतपणातले मृत्यू, लोकसंख्या हे अपेक्षित मुद्दे आहेतच. पण एके ठिकाणी युक्तिवाद या सर्वांपलीकडे जातो. स्त्रीला कोणत्याही कारणाने मूल नको असेल तर ते टाळता आले पाहिजे, आणि प्रजोत्पादन ही गोष्ट सर्वस्वी तिच्या इच्छेवर अवलंबून असली पाहिजे, असे ते म्हणतात. ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांचे वजन लक्षात घ्यावे. कारण विचारणारा असतो तेथे कारणाची योग्यता ठरवणाराही असतो. १८६३च्या भिंतीवरील जाहिरातीने कारण विचारले नव्हते. १९३८च्या भाषणानेही विचारले नाही. प्रस्ताव अर्थातच फेटाळला गेला.

स्वतंत्र भारतात कायदा झाला तेव्हा मात्र कारण विचारले गेले. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६मध्ये अहवाल दिला, आणि १९७१मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा संमत होऊन १९७२च्या एप्रिलमध्ये अमलात आला. साहित्याच्या अभ्यासकाने हा कायदा एक संहिता म्हणून जरूर वाचावा. त्याचे नावच ‘वैद्यकीय’ या विशेषणाने सुरू होते. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराचे, वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे ‘सद्भावपूर्वक बनवलेले मत’ हा त्याचा कणा. स्त्रीची संमती आवश्यक आहे, तिच्याशिवाय काही करता येत नाही. नवऱ्याची संमती कायदा मागत नाही, ही त्याची मोठीच बाजू. तथापि तिची इच्छा हे कारण म्हणून कोठे येत नाही. गर्भनिरोधक साधन निकामी झाले या कारणाची सवलतही तेव्हा ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरती होती. दंडसंहितेतील ३१२वे कलम जागेवरच राहिले. १९७१च्या कायद्याने त्यातून दिलेली सूट ही मुख्यतः डॉक्टराला दिलेले संरक्षण होते. त्या काळी चोरून गर्भपात करवून घेताना बाया मरत होत्या आणि हा कायदा त्यांना वाचवण्यासाठी आला, यात शंका नाही. पण ज्याला वाचवायचे आणि ज्याच्यावर विश्वास ठेवायचा, या दोन व्यक्ती कायद्याने वेगळ्या ठेवल्या.

राज्याचा हेतू स्त्रीच्या मर्जीपेक्षा लोकसंख्येकडे किती झुकलेला होता, ते पाचच वर्षांत दिसले. १९७६मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले.

येथे एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईपुण्याच्या दवाखान्यांत गर्भजलपरीक्षा आली आणि मुलीचे गर्भ पाडले जाऊ लागले. डॉक्टर म्हणत, बाईच मागते. तिची मर्जी आम्ही कोण मोडणार? मर्जीचा शब्द वैद्यकाने प्रथमच इतक्या आदराने उच्चारला तो या व्यवहारात. स्त्रीसंघटनांनी केलेल्या चळवळीमुळे १९८८मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम या परीक्षांवर नियंत्रण आणणारा कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४मध्ये झाला. गर्भपाताचा हक्क मागणाऱ्याच बायका या परीक्षांविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. त्यांच्यावर विसंगतीचा आरोप झाला. मला त्यात विसंगती दिसत नाही. तिसऱ्या मुलीनंतर घरातून हाकलली जाईल हे जिला ठाऊक आहे, तिच्या तोंडून निघालेला होकार हा घराचा होकार आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या बाबतीत २०१९मध्ये हेच पुन्हा उघड झाले. विधान परिषदेच्या तत्कालीन सदस्या नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड लावतो, पाळीच्या दुखण्यात खाडा होतो, आणि डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. प्रत्येकीची सही कागदावर होती असे मानले तरी त्या सहीचा अर्थ काय लावायचा?

सहीचा हा प्रश्न न्यायालयांपुढे वेगवेगळ्या रूपांत आला आहे. दिल्लीतील एका दवाखान्यात १९९५मध्ये केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन काढण्यात आले. सज्ञान रुग्णाच्या बाबतीत आईची संमती ही संमतीच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये ठरवले. त्याच वर्षी मुंबईतील एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयात दोष आढळला होता, पण वीस आठवड्यांची मर्यादा उलटली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली. येथे डॉक्टर स्त्रीच्या बाजूला उभा आहे, हे विसरू नये. वैद्यक हा एकजिनसी पक्ष नाही. पुढल्याच वर्षी सुचिता श्रीवास्तव खटल्यात उलट प्रसंग आला. चंडीगडच्या आधारगृहातील एका मतिमंद तरुणीला मूल हवे होते, आणि तज्ज्ञांचे मत घेऊन तिचा गर्भपात करण्याचा आदेश निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला आणि मूल जन्माला घालणे वा न घालणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला.

२०२१च्या दुरुस्तीने मर्यादा काही स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांवर गेली, ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला, आणि त्यापुढच्या गर्भाच्या गंभीर व्यंगाबाबत निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपवला गेला. एका डॉक्टराच्या जागी मंडळ आले. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे तेहेतिसाव्या आठवड्यातील एक स्त्री आली. गर्भाच्या मेंदूत गंभीर व्यंग होते आणि मंडळाने उशीर झाल्याच्या कारणाने नकार दिला होता. न्या. गौतम पटेल व न्या. दिगे यांच्या खंडपीठाने तिला परवानगी दिली, आणि निवड करण्याचा हक्क याचिकाकर्तीचा आहे, मंडळाचा नाही, असे स्पष्ट म्हटले.

प्रत्यक्ष बाळंतपणाच्या खोलीत मात्र न्यायालय पोहोचत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१च्या दरम्यान, देशातील सरकारी रुग्णालयांत शंभरांतील सुमारे चौदा बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली, खाजगी रुग्णालयांत सत्तेचाळीस. एवढ्या अंतराचे कारण बायांच्या शरीरात शोधणे कठीण आहे. कळा सुरू असताना समोर धरलेल्या छापील संमतिपत्रावर सही बहुधा नवऱ्याची घेतली जाते. कायदा ती मागत नसतानाही. मुक्ताच्या वस्तीतल्या बाईला वैद्य मिळत नव्हता. तिच्या पणतीच्या पणतीला तो मिळाला आहे, आणि त्याला प्रश्न विचारण्याची भाषा मराठीत अजून घडते आहे.

ऑक्टोबर २०२३मध्ये दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे दोन मुलांची आई असलेली एक विवाहित स्त्री आली. धाकट्या मुलाच्या जन्मानंतरच्या मानसिक आजारावर तिला औषधे चालू होती, आणि पुन्हा दिवस गेल्याचे तिला उशिरा कळले होते. प्रथम परवानगी मिळाली. मग मंडळातील एका डॉक्टराने गर्भ जगण्याजोगा असल्याचे कळवले, न्यायमूर्तींत मतभेद झाले, आणि तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सव्वीस आठवड्यांपुढील तो गर्भपात नाकारला. बाळंतपण एम्समध्ये व्हावे, खर्च सरकारने करावा, आणि मूल ठेवायचे की दत्तक द्यायचे हे आईबापांनी ठरवावे, असा आदेश झाला. मूल न्यावे की ठेवावे, हे वाक्य आपण फुल्यांच्या भिंतीवर वाचले आहे. तेथे आलेल्या पस्तीस जणींना बाळंत होण्याचा आदेश मात्र कोणी दिलेला नव्हता. त्या स्वतःच्या पायांनी चालत आल्या होत्या, बहुधा रात्रीच्या वेळी.